एका आरशासमोर: नॅशनल गॅलरी, लंडन

लंडनला गेलात तर ट्रॅफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीला अर्धा दिवस द्याच. कायमस्वरूपी संग्रह बघायला तिकीट लागत नाही. मात्र सगळी दालनं एका दमात उरकू नका. मी गेले ती एकाच चित्रासाठी: फ्लेमिश चित्रकार यान व्हॅन आयकनं 1434 मध्ये रंगवलेलं आर्नोल्फिनी दांपत्य.

चित्र लहान आहे, उंची जेमतेम 82 सेंटिमीटर. फलक वाचायच्या आधी नुसतं बघत राहिले. फरची किनार असलेला झगा घातलेला श्रीमंत व्यापारी, हिरव्या पोशाखातली बाई, पायाशी केसाळ कुत्रं, खिडकीत संत्री. भरदिवसा झुंबरात एकच मेणबत्ती पेटलेली. मागे बहिर्गोल आरसा, त्यात दारातून आत येणारी दोन माणसं. आरशाच्या चौकटीवर दहा चिमुकली चित्रं, ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची. आणि आरशाच्या वर भिंतीवरच चित्रकाराची झोकदार सही.

बाई गरोदर आहे, असं जवळ उभं राहिलेलं प्रत्येक जण म्हणत होतं. नीट पाहा: चालताना आपण निऱ्या उचलून धरतो, तसा तिनं झग्याचा भरघोस घेर पोटाशी धरलाय. शिवाय जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये असलेल्या व्हॅन आयकच्याच 1437 च्या चित्रात संत कॅथरीनचंही पोट असंच पुढे आलेलं आहे, आणि ती तर कुमारिका!

1934 मध्ये एर्विन पॅनॉफस्की या कला-इतिहासकारानं मांडलं की हे चित्र म्हणजे विवाहाचा दस्तऐवज. कुत्रं म्हणजे निष्ठा, मेणबत्ती म्हणजे देवाचं अस्तित्व, आरशातली माणसं साक्षीदार. वाचताना सगळं चपखल बसतं, आणि इतकं चपखल बसलं की मला पुरावा विचारावासा वाटतो. रंगाखालचं रेखाटन दाखवणाऱ्या इन्फ्रारेड तपासणीत दिसलं की कुत्रं आणि झुंबर मूळ रेखाटनात नव्हतेच, ते रंगवता रंगवता आले. एवढ्यानं पॅनॉफस्की खोटा ठरत नाही. पण दस्तऐवजाचा गाभाच मागाहून सुचावा? मोठा धक्का कागदपत्रांनी दिला. ज्या जोव्हान्नी आर्नोल्फिनीचं हे लग्न मानलं जायचं, त्याचं लग्न 1447 चं निघालं. चित्रानंतर 13 वर्षांनी, चित्रकार जाऊनही 6 वर्षं झाल्यावर! आता बहुतेक अभ्यासक त्याच्या चुलतभावाकडे बोट दाखवतात.

त्या चुलतभावाची पहिली बायको 1433 पर्यंत वारलेली होती. म्हणून कला-इतिहासकार मार्गारेट कोस्टर यांनी 2003 मध्ये सुचवलं की हे चित्र तिच्या आठवणीतलं असावं. पेटलेली मेणबत्ती चित्रातल्या पुरुषाच्या बाजूला, जणू तो जिवंत असल्याची खूण. आरशाच्या चौकटीतही त्याच्या बाजूला जिवंत ख्रिस्त, तिच्या बाजूला मृत्यू आणि पुनरुत्थान. हे वाचून पुन्हा आरशापाशी गेले तेव्हा गलबलून आलं. म्हणूनच या अर्थालाही तेच प्रश्न विचारायला हवेत: हे आधी ठरलेलं कशावरून? त्या चुलतभावाचं दुसरं लग्न झालं असेल आणि ही दुसरी बायको असेल तर? मन हेलावलं हा काही पुरावा नव्हे.

निघण्यापूर्वी व्हॅन आयकचंच 1433 चं लाल शिरोवस्त्र बांधलेल्या पुरुषाचं चित्र जरूर बघा. ते त्याचं स्वतःचंच असावं असं मानतात, पण गॅलरीनं शीर्षकात ‘स्वचित्र’पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय. त्या एका चिन्हासाठी मला ही गॅलरी फार आवडली.