तुम्ही विचारलंत म्हणून: कोलंबियातील सात जणांना वाचवता आले असते का?

शाळांमधून अवकाशाविषयी बोलायला मी बरीच वर्षे जातो. विषय चंद्र असो वा मंगळ, प्रश्नोत्तरांत कोणीतरी नासाच्या कोलंबिया यानाच्या अपघातात सहा सहकाऱ्यांसह गेलेल्या कल्पना चावलाचे नाव काढतेच, आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: त्यांना वाचवता आले नसते का? पूर्वी मी ‘नाही’ एवढेच सांगून मोकळा होत असे. ते उत्तर चुकीचे होते.

१६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी कोलंबियाच्या इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोमने पंख कसा फुटेल, ही मुलांची शंका रास्तच असते. अशा वेळी मी थर्माकोलचा तुकडा जोराने भिरकावून दाखवतो. तो चार हातही जात नाही. तिथेही पाऊण किलोच्या आसपास वजनाचा तो तुकडा हवेच्या अडथळ्याने क्षणात मंदावला, यान मात्र वेग घेतच होते, आणि त्यामुळे ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने यानच त्याच्यावर जाऊन धडकले. पंखाची कडा प्रचंड उष्णता सोसणाऱ्या, पण ठिसूळ अशा कार्बनच्या कवचाची होती. त्याच वर्षी जुलैमध्ये तसाच तुकडा हवेच्या तोफेतून त्या कवचावर मारून पाहिला, तेव्हा त्याला सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले.

अवकाश स्थानकावर आसरा घेणे शक्य नव्हते, कारण स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आणि कोलंबियाची ३९ अंशांनी. हा फरक मिटवण्याइतके इंधन यानात नव्हते.

राहिला मार्ग दुसऱ्या यानाचा, आणि चौकशी मंडळाने नेमका तोच तपासायला लावला. १ मार्चच्या उड्डाणासाठी अटलांटिस या यानाची तयारी चालू होती. रात्रंदिवस काम केले आणि कुठेही काही अडले नाही, तर ते १० फेब्रुवारीच्या सुमारास निघू शकले असते. इकडे कोलंबियात अन्नपाण्याआधी संपणार होते ते श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे. सर्वांनी हालचाल कमीत कमी ठेवली, तर ते १५ फेब्रुवारीपर्यंत पुरले असते. मग दोन्ही याने जवळजवळ ठेवून, स्पेसवॉकचे प्रशिक्षण असलेल्या मायकल अँडरसन आणि डेव्हिड ब्राउन यांच्या मदतीने एकेकाला पलीकडे न्यायचे, अशी ती योजना होती. अवघड, जोखमीची, पण अशक्य नव्हे.

मात्र त्यासाठी भगदाड पहिल्या काही दिवसांतच कळायला हवे होते. पंखाची छायाचित्रे मिळवावीत ही अभियंत्यांची मागणी वरिष्ठांनी पुढे जाऊ दिली नाही, आणि २३ जानेवारीला कमांडर रिक हजबंड व पायलट विल्यम मकूल यांना काळजीचे कारण नसल्याचा ईमेल गेला. मला स्वतःला अटलांटिसच्या हुकलेल्या संधीपेक्षा त्या न काढलेल्या छायाचित्रांचा सल अधिक आहे. १ फेब्रुवारीला, उतरायला सुमारे १६ मिनिटे उरली असताना, त्या भगदाडातून तप्त हवा पंखात शिरल्याने टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले.

मे २००९ मध्ये अटलांटिस हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला निघाले, तेव्हा त्यालाही स्थानकाचा आसरा मिळणार नव्हता. म्हणून शेजारच्या उड्डाणतळावर एंडेव्हर हे यान सुटकेसाठी सज्ज उभे ठेवले होते. ते वापरावे लागले नाही.