फ्लॉरेन्स: दलालाचं तिकीट घेऊ नका, आणि डेव्हिडच्या आधी मासाच्चो बघा

फ्लॉरेन्समधल्या अकादेमियाचं (मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आहे ते संग्रहालय) तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा, तेही महिनाभर आधी. मी आळस केला. आठवडा उरला तेव्हा तिथे सगळं संपलेलं, म्हणून भलत्याच साइटवर 'रांग टाळा' वाचून मूळ दराच्या दुपटीहून जास्त पैसे मोजले. हातात पडलं ते तिकीट नव्हतंच. छत्री उंचावून उभ्या असलेल्या एका बाईच्या घोळक्यात सामील व्हायची चिठ्ठी होती. तासभर उन्हात उभे होतो. आणि तो 'खास प्रवेश' म्हणजे साधं आरक्षण केलेल्यांचीच रांग! अजून आठवलं की डोकं फिरतं.

आत गेल्यावर सगळे थेट डेव्हिडकडे धावतात. तुम्ही वाटेतल्या दालनात थांबा. मायकेलअँजेलोने अर्धवट सोडलेले बंदिवानांचे चार पुतळे तिथे आहेत. दातेरी छिन्नीचे ओरखडे दगडावर तसेच दिसतात, आणि शरीरं दगडातून स्वतःला सोडवून घेत असल्यासारखी वाटतात. माझ्या मते डेव्हिडपेक्षा हे भारी. डेव्हिड (१५०४, ५.१७ मीटर) वाईट नाही हो, उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा बघा, सगळा भार उजव्या पायावर टाकून डावा गुडघा सैल सोडलाय तो बघा. पण समोर शंभर मोबाइल.

खरं तर सुरुवात स्टेशनाजवळच्या सांता मारिया नोव्हेला चर्चपासून करायला हवी होती. तिथे भिंतीवर मासाच्चो या चित्रकाराचं 'त्रिमूर्ती' (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही ख्रिस्ती त्रयी) हे चित्र आहे, साधारण १४२७ चं. इंटरमिजिएट ड्रॉइंगला यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) रेषा मारून मारून वैतागलेल्यांनी तर बघाच. चित्रातल्या छताचे चौकोन मागे मागे लहान होत जातात आणि सगळ्या रेषा मिळतात तो बिंदू साधारण आपल्याच डोळ्यांच्या उंचीवर. सपाट भिंतीत खोली खोदल्यासारखी वाटते. खाली एक सांगाडा आडवा पडलाय, त्याच्यावर लिहिलंय: तुम्ही आज जे आहात ते मी होतो, मी आज जो आहे ते तुम्ही व्हाल. पाय दुखत असताना हे वाचायला नको वाटतं.

उफिझी या चित्रसंग्रहालयात गर्दी बोत्तिचेल्लीच्या चित्रांना. मी चिमाबुए आणि ज्योत्तो या त्याच्या आधीच्या चित्रकारांच्या खोलीतच रमलो. चिमाबुएची मेरी सिंहासनावर चिकटवल्यासारखी. ज्योत्तोच्या मेरीच्या वस्त्राखाली खरेखुरे गुडघे आहेत. प्रबोधनकाळ कशातून आला हे त्या एका खोलीत कळतं.

बार्जेल्लो हे शिल्पांचं संग्रहालय चुकवू नका, तिथे त्या मानाने शांतता असते. शिल्पकार डोनाटेलोचा ब्राँझचा डेव्हिड: डोक्यावर टोपी, पायात बूट, बाकी अंगावर काही नाही. त्याने मारलेल्या गल्याथ राक्षसाच्या शिरस्त्राणाचं पीस त्याच्या मांडीवरून वर गेलंय; मागून बघितलं की नीट दिसतं.

इथल्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट? ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वाट घुमटाच्या आतल्या-बाहेरच्या दोन कवचांच्या मधून आणि समोरून उतरणारी माणसं. मध्ये घुमटाच्या आतल्या बाजूच्या चित्राच्या जवळून जाता येतं, पण वासारी आणि झुक्कारीचं ते काम जवळून भडक वाटतं. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ सोडा.

सोमवारी उफिझी आणि अकादेमिया बंद. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पुढचे दोन दिवस जवळच्या सिएना शहरात मजेत गेले, सांगण्यासारखं काही नाही. तिकिटाचे पैसे परत मागायला त्या साइटला तीन मेल केलेत, उत्तर नाही.