शेअरिंग की सिंगल?

बिलिंगच्या खिडकीतून कागद बाहेर आला तेव्हा साडेबारा वाजले होते. एकूण बिल १,२५,०००. मंजूर ७१,४००. उरलेले ५३,६०० भरा आणि पेशंट घेऊन जा. तात्यांचा पुतण्या कागदाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. विमा मीच उतरवला होता.

बेळगावात अठरा वर्षं हे काम करतोय. लोकांना वाटतं, एजंट पॉलिसी विकतो आणि वर्षातून एकदा हप्त्याची आठवण करतो. खरी हमाली डिस्चार्जच्या दिवशी असते, आणि तिचे पैसे कुणी देत नाही. डॉक्टर सकाळी दहाला ‘जा’ म्हणतात. मग डिस्चार्ज समरी टाइप होते, बिल टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे जातं, तिकडून एखादी क्वेरी येते, तिच्यावर डॉक्टरची सही हवी, डॉक्टर ऑपरेशनमध्ये. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा २०२४ चा नियम आहे. क्वेरी काढली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून, असा सोयीस्कर अर्थ बरेच जण लावतात.

तात्या उचगावच्या बाजूचे. रताळी, थोडा भात, दोन म्हशी. रात्री अकराला पोटात कळ उठली, अपेंडिक्स निघालं, पहाटे ऑपरेशन झालं. ॲडमिशनच्या टेबलावर पुतण्याला एकच प्रश्न विचारला गेला होता : शेअरिंग की सिंगल? शेअरिंग भरलेली होती. सिंगल दिवसाला ५,००० रुपये. पुतण्या म्हणाला, "विमा आहे की, द्या."

त्या अर्ध्या मिनिटात सगळा व्यवहार होऊन गेला. मला फोन आला तो सकाळी.

पॉलिसी तीन लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. ऐकणाऱ्याला वाटतं, दिवसाचे २,००० आपण भरायचे, चार दिवसांचे ८,०००, विषय संपला. तसं नसतं. ५,००० च्या खोलीत राहून हक्क ३,००० चा असेल तर खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणारा सगळा खर्च त्याच प्रमाणात कापला जातो. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या फेऱ्या मिळून ७०,००० झाले होते. त्यातले ६० टक्के मान्य, २८,००० तात्यांचे. रुग्णालयांचं दरपत्रकच तसं असतं : त्याच सर्जननं त्याच टेबलावर तेच अपेंडिक्स काढलं तरी पेशंट कुठल्या खोलीत झोपणार यावर फी ठरते. याला काय म्हणावं ते मी मनात म्हणतो.

पण त्या कागदात एक गोष्ट चुकली होती, आणि इथं मात्र मी छाती काढून सांगणार. औषधं, हातमोजे-सिरिंजसारखं साहित्य आणि तपासण्या यांचे ३५,००० होते. त्यातले ६,००० विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंचे, ते ठीक. उरलेल्या २९,००० लाही त्यांनी ६० टक्क्यांची कात्री लावली होती. विमा नियामकानं २०२० मध्येच स्पष्ट केलंय की औषधं, साहित्य, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना ही प्रमाणशीर कपात लागत नाही. सलाइनच्या बाटलीची किंमत खोली बघून बदलत नाही, इतकं साधं कारण. रुग्णालयात खोलीनुसार दरच बदलत नसतील तर मुळात कपातच करता येत नाही. म्हणून आधी दरपत्रक मागितलं. इथे दर बदलत होते, तो रस्ता बंद झाला. मग टीपीएला मेल, फोन, परत मेल. पलीकडचा मुलगा "सिस्टीमनंच तसं काढलंय सर" म्हणत राहिला. मी त्याला त्यांच्याच पॉलिसीच्या पुस्तिकेतली व्याख्या वाचून दाखवली. सव्वाचारला सुधारित पत्र आलं : मंजूर ८३,०००. तात्यांचे ११,६०० वाचले. पुतण्यानं ४२,००० भरले, आणि तात्या धोतर सावरत गाडीत बसले.

आता मागचं सांगतो.

जवळपास दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या पडवीत बसून मी दोन पॉलिसी समोर ठेवल्या होत्या. माझी एक फुलस्केप वही आहे. तिच्यात हप्त्याचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवतो. आधी खोलीभाडं. मग बिलातला ठरावीक हिस्सा आपल्यावर येतो का. तात्यांच्या बीपीसारख्या जुन्या आजाराला थांबायचं किती, कायद्यानं जास्तीत जास्त ३६ महिने, काही कंपन्या कमी ठेवतात. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे किती. कॅशलेसच्या यादीत बेळगावशिवाय मिरज, कोल्हापूर, गोवा आहे का, कारण आमची माणसं जास्त झालं की तिकडेच पळतात. आणि तात्यांची मुलगी पुण्यात, तर इथल्या झोनचा, म्हणजे शहरांच्या स्वस्त गटाचा हप्ता भरून तिथं उपचार घेतले तर खिशातून काही टक्के जाणार का.

दोन्हींत मोठा फरक पहिल्याच रकान्यात होता. एकीला एक टक्का, दुसरीला खोलीची मर्यादाच नाही. हप्त्यातला फरक २,०००, वर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी धरून २,३६०. (तो जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. तेव्हा नव्हता गेला.)

मी सांगितलं, "तात्या, हिच्यात रूम रेंट कॅपिंग आहे." असंच सांगितलं, याच शब्दांत. पुतण्यानं फोनवर यादी लावली होती, स्वस्त वरती, महाग खाली. तो म्हणाला, "काका, तीन लाख इथं, तीन लाख तिथंबी. आणि काय बघूलासा?" तात्या म्हणाले, "दवाखान्यात काय लॉजसारखं राहायला जातंय व्हय कोण?" सगळे हसले. मीही हसलो.

मी परत सांगितलं, थोडं मराठीत. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. महागडी पॉलिसी विकली की एजंटला जास्त मिळतं, हे त्या पोराला माहीत होतं, आणि ते त्याला माहीत आहे हे मला दिसत होतं. एखादं खोटं बिल मांडून, आकडे घालून, २८,००० अक्षरात लिहून दाखवता आलं असतं. त्याला दहा मिनिटं लागतात. मी स्वस्त पॉलिसीचा फॉर्म काढला. मानी माणूस आहे मी, असं त्या संध्याकाळी बायकोला सांगितल्याचंही आठवतंय.

पुस्तिका आली, सगळी इंग्रजीत. न पटल्यास ३० दिवसांत परत करता येते. माहितीपत्रक स्थानिक भाषेत मागितलं तर कन्नडमध्ये आलं. तात्यांनी दोन्ही देवाच्या फोटोमागे ठेवलं.

गेल्या आठवड्यात तात्यांनी अर्धं पोतं रताळी पाठवली. वर निरोप : "तुझ्यामुळं अकरा हजार वाचले बघ." खोलीपायी गेलेले ३६,००० त्यांच्या लेखी कंपनीनं नेहमीप्रमाणे खाल्ले. गावात माझं नाव झालंय. दोघांनी तर फोन करून ‘तात्यांना दिली तसलीच’ पॉलिसी मागितली.

नूतनीकरण जवळ आलंय. दुसऱ्या कंपनीत जायचं तर किमान ४५ दिवस आधी अर्ज हवा. बीपीसाठी थांबलेले महिने वाया जात नाहीत, पण घ्यायचं की नाही हे नव्या कंपनीच्या हातात, आणि आता त्यांच्या नावावर क्लेम आहे. बदल करायचा म्हटलं की तात्या ‘का’ विचारणार. ते ३६,००० कुठं गेले ते मग सांगावं लागेल.

वही पिशवीत घालून दोनदा उचगावच्या रस्त्याला लागलो. एकदा हिंडलग्याजवळ पावसानं गाठलं, परत फिरलो. दुसऱ्यांदा तात्या घरीच होते. चहा झाला, म्हशीच्या दुधाचा. वही काही निघाली नाही.