किट की शून्यापासून? पुण्यात स्पीकर बनवताना आलेला अनुभव

स्पीकरची जोडी स्वतः बनवायची हे पक्कं होतं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी: दुसऱ्याने आखलेल्या स्पीकरचं किट (सुट्या भागांचा संच) मागवायचं, की ड्रायव्हर (खोक्यात बसणारे, प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग) निवडण्यापासून सगळं आपणच करायचं? या छंदातल्या मित्रांना विचारलं तर दोन तट पडले. काहींचं म्हणणं, किटमध्ये तुझं स्वतःचं असं काय राहतं? बाकीचे म्हणाले, शून्यापासून करायला गेलास तर अर्धवट खोकी माळ्यावर जातील. दोन्हींत तथ्य आहे. पण सगळं बोलणं खोक्याभोवती फिरत होतं. मी जसजसा वाचत आणि आकडे मांडत गेलो, तसतसं स्पष्ट झालं की हा निर्णय क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरकडे (मोठ्या ड्रायव्हरकडे) आणि वरचे ट्वीटरकडे (छोट्या ड्रायव्हरकडे) वाटून देणारं सर्किट, कोण करणार यावर ठरतो.

खोक्याचं गणित सुटलेलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात वूफर आणि खोकं यांचा हिशोब मांडून ठेवला. त्यामुळे आज कुठल्याही बऱ्या वूफरच्या डेटाशीटवर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे वूफरच्या स्वभावाचे आकडे छापलेले असतात. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते घातले की किती लिटरचं खोकं लागेल, ते बंद ठेवायचं की पोर्टवालं (हवेसाठी नळी ठेवलेलं), खर्ज कुठपर्यंत उतरेल, हे बसल्या बैठकीला कळतं. मला हव्या असलेल्या सहा इंची वूफरसाठी १२ लिटर आणि ५० हर्ट्झ असं उत्तर आलं. पोर्टसाठी ५ सेंमी आतला व्यास असलेला पीव्हीसी पाइप घेतला तर लांबी १६ सेंमी. म्हणजे प्लंबिंगच्या दुकानातला पाइपचा तुकडा! इतकं सरळ जमल्यावर शून्यापासून करायचा मोह कुणालाही होईल, तसा मलाही झाला.

वूफर आणि ट्वीटर एकमेकांत मिसळायचे म्हटलं की मात्र गणित असं कागदावर सुटत नाही. पुस्तकातलं सूत्र सांगतं की ८ ओहमच्या ट्वीटरला २५०० हर्ट्झवर तोडायचं तर साधारण ८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सूत्र बरोबर आहे, पण ते ८ ओहमच्या रेझिस्टरसाठी. खऱ्या ट्वीटरचा इंपिडन्स (विजेला होणारा विरोध) त्याच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे तो आपसूक थरथरतो त्या सुरापाशी, ८ ओहमच्या दुप्पट-अडीचपटही होतो, आणि वूफरच्या व्हॉइस कॉइलचा इंपिडन्स वरच्या सुरांकडे सतत चढत जातो. शिवाय सपाट बॅफलवर (खोक्याच्या समोरच्या फळीवर) दोघांना शेजारी बसवलं तरी त्यांचा आवाज एकाच प्रतलातून निघत नाही. वूफरचा शंकू खोल असतो, म्हणून त्याचा आवाज समजा २ सेंमी मागून येतो. २५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी १४ सेंमीच्या आतच असते, त्यामुळे एवढ्याशा अंतरानेही दोघांच्या लहरींचा फेज (चढ-उतारांचा मेळ) ५० अंशांहून अधिक सरकतो. दोघं जिथे एकत्र गायला हवेत, नेमके तिथेच एकमेकांना कापायला लागतात.

सगळ्यात जास्त डोळे उघडले ते बॅफलच्या रुंदीने. डेटाशीटवरचा सरळसोट आलेख बहुतेक वेळा आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रमाणातल्या १३५ बाय १६५ सेंमीच्या भल्या मोठ्या फळीवर ड्रायव्हर बसवून काढलेला असतो. आपलं खोकं असतं २० सेंमी रुंद. खालच्या सुरांच्या लहरी एवढ्या अरुंद फळीला वळसा घालून मागे निघून जातात आणि साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज हळूहळू ६ डेसिबलपर्यंत पडत जातो. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ ख्यालगायकी ऐकली जाते. पुरुषाच्या आवाजातला षड्ज, तानपुऱ्याचा खर्ज, डग्ग्याची घुमक, सगळं याच पडलेल्या भागात येतं. ही तूट क्रॉसओव्हरमध्ये भरून काढली नाही तर गवय्याचा आवाज छातीतून न येता गळ्यातून आल्यासारखा वाटतो. जे लोक ‘हाय-फाय स्पीकरवर आपलं शास्त्रीय चांगलं लागत नाही’ म्हणतात, त्यांच्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं असं माझं ठाम मत झालं आहे.

म्हणून बाजारात मिळणारा तयार टू-वे (वूफर आणि ट्वीटर अशा दोघांसाठीचा) क्रॉसओव्हर बोर्ड कितीही देखणा असला तरी तो म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. त्याला ना तुमचा वूफर माहीत, ना तुमच्या बॅफलची रुंदी. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरचं (प्रक्षेपणाचा आवाज तपासायच्या स्पीकरचं) उदाहरण मला नेहमी पटतं. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मावावा म्हणून सत्तरच्या दशकात केलेला हा स्पीकर. जेमतेम ५ लिटरचं बंद खोकं, त्यात केईएफ कंपनीचा बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर. बाजारात मिळणारेच ड्रायव्हर. पण क्रॉसओव्हर बघाल तर सुट्या भागांची दाटी, कारण बीबीसीच्या इंजिनिअरांनी मोजून मोजून प्रत्येक उंचवटा उतरवला होता. पुढे हाच बी११० लिन कंपनीच्या ‘कान’ या स्पीकरमध्येही बसला आणि तो स्पीकर वेगळाच वाजतो. ड्रायव्हर एक, बोलणं वेगळं.

तेव्हा शून्यापासून करायचं म्हणजे मोजमापाचा माइक हवा, दोन्ही ड्रायव्हर आपल्याच खोक्यात बसवून समोरून आणि कडेच्या कोनांतून मोजायला हवेत, त्यांचा इंपिडन्स काढायला हवा. त्यानंतर ते सगळं व्हिट्युइक्सकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घालून क्रॉसओव्हर घडवायचा. सॉफ्टवेअर वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे आणि उत्तम आहे. पण ते हाताळायला चांगला आवाज कसा असतो हे कानाला आधी माहीत हवं. माझ्या घरी तोवर तुलनेला ठेवता येईल असा एकही स्पीकर नव्हता. या एका कारणासाठी मी पहिली जोडी किटची करायचं ठरवलं.

किटमध्येही प्रकार आहेत. कापलेल्या पॅनेलसकट येणारं किट परदेशातून मागवणं मला व्यवहार्य वाटलं नाही. लाकडाच्या वजनाचं कुरिअर, त्यावर कस्टम ड्यूटी, त्या सगळ्यावर आयजीएसटी. फळ्या आपल्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतात, त्या विमानाने कशाला आणायच्या? डेन्मार्कच्या ट्रोल्स ग्रॅव्हेसन यांच्यासारखे डिझायनर आपली मोजमापं, खोक्याचे नकाशे उघडपणे मांडतात आणि क्रॉसओव्हरचे भाग संच म्हणून विकत मिळतात. त्याच धर्तीचं, फक्त ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हरचं किट मी घेतलं.

निवडताना दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली, स्पीकर कुठे ठेवायचा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध स्टँडवर स्पीकर उभे करायला जागा नाही, ते भिंतीलगतच बसणार. भिंत खर्जाला आपला हातभार लावते. ६ डेसिबलची पूर्ण तूट भरून दिलेलं डिझाइन भिंतीजवळ ठेवलं की घुमायला लागतं. मी ३-४ डेसिबलच भरलेलं डिझाइन शोधलं. दुसरी गोष्ट अँप्लिफायरची. अनेक चांगली किट ४ ओहमची असतात आणि माझा जुना स्टीरिओ अँप ८ ओहमवर सुखी आहे, म्हणून तेवढ्याच यादीत राहिलो. किटचे फोटो बघण्याआधी हे दोन प्रश्न सोडवलेत तर निम्मी यादी आपोआप गळते.

टिंबर मार्केटमध्ये एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) स्वस्त होता, पण पुण्याच्या पावसाळ्यात त्याची कापलेली कड ओल धरते आणि फुगते. म्हणून १८ मिमीचा एचडीएचएमआर, म्हणजे त्याच जातीचा पण जास्त दाट बोर्ड घेतला. तो ओलीला जास्त टिकतो, घट्ट आहे आणि राऊटरखाली कड स्वच्छ निघते. बाहेरून २० बाय ३६ बाय २८ सेंमीच्या दोन खोक्यांना आठ बाय चारची अर्धी शीट पुरून उरते.

काम ज्या मिस्त्रीकाकांकडे दिलं त्यांचा हात बसलेला होता किचन ट्रॉलीत. ड्रायव्हरची कडा फळीत बुडवून सपाट बसवायची म्हटल्यावर ते म्हणाले, “दादा, वरून चार स्क्रू मारले की झालं ना, खाच कशाला?” मी म्हटलं, “काका, ट्वीटरची कडा वर राहिली तर आवाज तिथे आपटून विखुरतो.” त्यांनी मान डोलावली आणि प्लायच्या पट्टीला राऊटर बसवून, मध्ये खिळा ठोकून कंपास तयार केला. आधी रद्दी तुकड्यावर खाच मारली. वूफरची धातूची रिंग त्यात ठेवली, वरून पटाशीची सपाट बाजू फिरवून बघितली. पटाशी एका बाजूला किंचित अडकली. राऊटर नखभर खाली घेतला, पुन्हा मारली, पुन्हा पटाशी फिरवली. ती न अडखळता सरकली तेव्हाच खऱ्या बॅफलला हात लावला. प्रत्येक खोकं गुण्या लावून तपासलं. आतली आडवी पट्टी त्यांनी मधोमध न लावता मुद्दाम थोडी वर सरकवली, कारण पॅनेलचे दोन सारखे भाग झाले तर दोन्ही एकाच सुरावर थरथरतात हे सांगितल्यावर त्यांना ते लगेच पटलं.

खोक्यातून हवा कुठे सुटत नाही ना, हे तपासायला उदबत्ती कामी आली. पोर्ट तात्पुरतं बंद करून वूफरला ४० हर्ट्झचा सूर हलक्या आवाजात दिला आणि सांध्यांवरून उदबत्ती फिरवली. एका मागच्या कोपऱ्यात धूर सरळ वर न जाता थडथडायला लागला. तिथे आतून फेव्हिकॉल आणि भुशाचा लगदा भरला. आत भरायला उशांमध्ये घालतात तो पॉलिएस्टरचा फायबर गादीवाल्याकडून आणला. तो भिंतींलगत पसरला, पोर्टचं आतलं तोंड मोकळं ठेवलं.

क्रॉसओव्हरसाठी तयार पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) घेतला नाही, प्लायच्या तुकड्यावर भाग मांडले. यात जपायचं ते कॉइलना (तारेच्या वेटोळ्यांना). दोन कॉइल एकाच दिशेने शेजारी ठेवल्या तर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं आणि फिल्टरचा हिशोब बिघडतो. एक आडवी, दुसरी उभी, मध्ये ऐसपैस अंतर. ट्वीटरच्या वाटेतले रेझिस्टर तापतात, म्हणून ते फळीपासून थोडे उचलून झाळले.

जोडी वाजायला लागल्यावर मोजमापाचा माइक घेतलाच. सोसायटीच्या गच्चीवर पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत स्पीकर दीड मीटर उंचीवर ठेवला आणि माइक एक मीटरवर. या मांडणीत जमिनीवरून परतणारा आवाज थेट आवाजानंतर सहा मिलिसेकंदांनी पोचतो. फक्त तेवढ्या वेळाचंच मोजमाप धरलं की साधारण १६० हर्ट्झच्या वरचा आलेख खोलीशिवायचा, निखळ मिळतो. तिथे एक चाचणी केली, जी प्रत्येक किटवाल्याने करावी. या किटचा क्रॉसओव्हर लिंकविट्झ-रायली पद्धतीचा आहे. सिगफ्रिड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही रचना. तिच्यात ट्वीटरच्या वायर उलट्या जोडल्या तर क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना खोडून काढतात. मी वायर उलटवल्या आणि २५०० हर्ट्झपाशी आलेखात खोल, नेटकी, दोन्ही बाजूंनी सारखी दरी उमटली. दोन्ही स्पीकरमध्ये एकाच जागी. याचा अर्थ जोडणी बरोबर, भागांची मूल्यं बरोबर आणि आमची खाचेची खोलीही बरोबर. डिझायनरने त्याच्या खोलीत जे घडवलं ते इथे जसंच्या तसं उभं राहिलं होतं. त्या आलेखाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही.

आता दुसरी जोडी शून्यापासून सुरू केली आहे, टेबलावर ठेवायची, छोट्या बंद खोक्याची. माइक आहे, पद्धत हाताशी आहे आणि क्रॉसओव्हर बदलला की शेजारी लावून ऐकायला पहिली जोडी आहे. काकांनी उरलेल्या शीटमधून बॅफल कापून दिलं. दोन्ही ड्रायव्हरचा इंपिडन्स मोजून झाला, समोरचं मोजमापही झालं. कडेच्या कोनांवरची मोजमापं पाऊस उघडला की गच्चीवर घ्यायची आहेत, आणि ती हातात आल्याशिवाय एकही कॉइल विकत घेणार नाही.