कोण बघतंय आपल्याकडे?

नव्या शिक्षकांना शिकवायला जाते तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. ‘मी एकटीने नीट वागून असा काय फरक पडणार? कोण बघतंय?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बघणारे असतात. ते आपल्याला सांगायला येत नाहीत, इतकंच.

जेम्स ब्रायन आणि मेरी ॲन टेस्ट या संशोधकांनी १९६७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिसच्या एका रस्त्यावर टायर पंक्चर झालेल्या गाडीपाशी एक तरुणी उभी होती. मदतीला कोण थांबतं, हे मोजायचं होतं. दोन हजार गाड्या गेल्या, ३५ जण थांबले. मग त्याच रस्त्यावर पाव मैल अलीकडे आणखी एक गाडी उभी केली. तिथे एक माणूस कुणा मुलीच्या गाडीचं चाक बदलून देत होता. हे दृश्य पाहून पुढे आलेल्या दोन हजार गाड्यांपैकी ५८ थांबल्या.

बहुतेक लोक दोन्ही वेळा निघूनच गेले, हे मी लपवणार नाही. एकाचं बघून सगळं जग सुधारतं असा माझा दावाही नाही. पण या जास्तीच्या २३ जणांना कुणी उपदेश केला नव्हता, चाक बदलणाऱ्याने त्यांना थांबा म्हटलं नव्हतं. खरीखुरी मदत करणारा कुणी असता, तर आपल्यामुळे पुढे कुणी थांबलं, हे त्याला कधी कळलंही नसतं.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग मला याहून मोलाचे वाटतात. रेघांची लांबी ओळखायची, उत्तर उघड दिसणारं. पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि मग डोळ्यांना दिसत असूनही, हे ठरलेलं आहे याची कल्पना नसलेला एकटा माणूस साधारण तीनात एकदा त्यांच्या मागे जाई. एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा भेटला, की या चुका एकदम कमी होत. पुढचं आणखी बोलकं आहे. हा जोडीदार काही काम निघालं म्हणून मध्येच उठून गेला, तरी मागे राहिलेल्याचा धीर बऱ्यापैकी टिकला. तोच जोडीदार फिरून बहुमताला मिळाला, तेव्हा मात्र चुका पुन्हा वाढल्या.

नोकरीच्या सुरुवातीला एका बैठकीत मी हे जवळून अनुभवलं. आम्हाला नवीन मूल्यमापन पद्धत समजावून सांगितली जात होती आणि आम्ही सगळे माना डोलावत होतो. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “मला हे कळलेलं नाही. पुन्हा सांगाल का?” आवाजात ना संकोच, ना तोरा. त्यांच्यापाठोपाठ चार हात वर झाले, त्यात माझाही होता. बाई लवकरच निवृत्त झाल्या. ‘कळलं नाही’ असं चारचौघांत म्हणायला मला त्यांनी शिकवलं, हे त्यांच्या गावीही नसेल. आज माझ्या वर्गातली मुलं ते बिनदिक्कत म्हणतात. त्यांनी तर बाईंना पाहिलेलंही नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना आपण सहज बोलून जातो, ‘त्या मुलाकडून काही होणार नाही.’ शेजारी बसलेली नवी शिक्षिका काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न विचारताना ती त्या मुलाला वगळून पुढे जाते. आपण त्याला एक शब्दही बोललेलो नसतो. म्हणून नव्या शिक्षकांकडे मी एकच आग्रह धरते: त्या खोलीत कुणी असं बोललं, तर त्या मुलाला जमणारी एक गोष्ट तिथल्या तिथे, साध्या आवाजात सांगा. बोलणाऱ्याचं मत बदलेल न बदलेल, पण ऐकणारं आणखी कुणीतरी तिथे बसलेलं असतं.