चालायचे पैसे मिळतात, मग घेऊ का?

दवाखान्यात हल्ली बीपी बघता बघता हा प्रश्न येतोच : "मॅडम, चाललं की पॉइंट देणारं ॲप आहे. घेऊ का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घ्या. पण ते तुम्हाला किती दिवस चालवेल, याचा हिशेब आधीच करून ठेवा.

बक्षीस दिसलं की माणूस उठतो, यात वाद नाही. सिंगापूरमध्ये १३ कंपन्यांमधल्या ८०० नोकरदारांना घेऊन एक अभ्यास झाला, २०१६ साली तो छापून आला. त्यांच्यातल्या एका गटाला आठवड्याची पावलं भरली की रोख पैसे मिळायचे. सहा महिने हाच गट पुढे होता. मग पैसे बंद झाले. वर्ष सरता सरता त्यांच्यात आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात फारसा फरक उरला नाही. वजन आणि रक्तदाब तर पैसे चालू होते तेव्हाही सुधारले नव्हते. मला यातलं हे शेवटचं जास्त महत्त्वाचं वाटतं.

पैसे मिळण्यापेक्षा हातचे जाण्याची धास्ती मोठी असते, हेही ॲपवाल्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांच्या नावे महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा दाखवले, आणि ७,००० पावलं चुकली की त्या दिवसाचे १.४० डॉलर कापले. रोजच्या रोज पैसे देण्यापेक्षा ही कापाकापी जास्त लागू पडली. तुमच्या ॲपमधली 'स्ट्रीक', म्हणजे न चुकता पावलं भरलेल्या दिवसांची साखळी, तुटायची भीती याच जातीची.

ती काय करायला लावते ते मी रोज बघते. गुडघ्याला सूज असलेल्या एक आजी रात्री अकराला हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारतात, कारण हजारभर पावलं राहिलेली असतात. एका काकांनी तर फोन नातवाच्या खिशात घालून त्याला खेळायला पाठवलं. पावलं भरली, साखर होती तिथेच! (नातवाची तब्येत मात्र उत्तम आहे.)

आणि दहा हजारांचं ओझं उतरवा हो. तो आकडा १९६५च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला. वयस्क अमेरिकन बायकांच्या २०१९च्या अभ्यासात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५००च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही.

शिवाय खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठलात, तर फोनला त्याचा पत्ताही लागत नाही. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोनदा तरी हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण त्याला पॉइंट नाहीत.

तेव्हा ॲप घ्या, पण पहिल्या महिन्यातच शेजारचं कोणीतरी सोबतीला गाठा आणि वेळ ठरवून टाका. मधुमेह असेल तर जेवणानंतरची वेळ बरी. पुढच्या वेळी येताना फोनमधला आलेख नको, साखरेचा रिपोर्ट आणा. आणि जमलेले पॉइंट वापरून टाका, बऱ्याच ठिकाणी त्यांना मुदत असते.