केडगावहून परतताना

बहरीनच्या एका हॉस्पिटलचं ऑफर लेटर आठवडाभर मोबाईलमध्ये पडून आहे. पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण मुलगी यंदा दहावीला आणि सासूबाईंचं डायलिसिस सुरू. एजंटचा रोज फोन, "सिस्टर, काय ठरलं?"

आज सुट्टी होती, म्हणून मावससासूबाईंना घेऊन केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनला जाऊन आले. रमाबाईंबद्दल लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलंय, पण आज वेगळीच गोष्ट डोक्यात राहिली. १९२१ मध्ये त्यांची मनोरमा गेली. एकुलती एक लेक, मुक्तीचा सगळा भार जिच्यावर सोपवायचा ती. स्वतःची तब्येतही खालावलेली. तरी बाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. ते हातावेगळं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या.

मला "देवाने मला स्पष्ट सांगितलं" असं ऊठसूट म्हणणाऱ्यांचा जरा रागच येतो. मला तर काहीच ऐकू आलं नाही. प्रार्थनेला बसले तेव्हा शेजारी मावशी डुलक्या घेत होत्या, तोंडाने "प्रभू, प्रभू" चालूच! हसू आलं, आणि आठवडाभर छातीवर बसलेलं ओझं कुठे गेलं कळलंच नाही. जायचं की राहायचं, अजून ठरलेलं नाही. पण जिथे असेन तिथे सकाळची प्रार्थना आणि पेशंटची सेवा काही सुटणार नाही, एवढं नक्की.

एजंटला सोमवारपर्यंत थांब म्हटलंय. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब घरी येणार आहेत, तेव्हा सगळे मिळून बसू. तुम्हीही प्रार्थनेत आठवण ठेवा.